गाड्या आपल्याकडे बनल्या, ट्रॅक मात्र दूर राहिला

आजचा भाग गाड्यांचा आहे. पण कुठलं मॉडेल घ्यावं, मायलेज किती, हे सांगणारे खूप आहेत, ते त्यांच्याकडे ऐका. आज मला ऑटोक्रॉस आणि ट्रॅक ड्रायव्हिंगबद्दल बोलायचंय, आणि तेही इतिहासाच्या वाटेनं. कारण तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो: "दोन-तीन इव्हेंट केले, मजा आली, पण टायमिंग काही खाली येत नाही. आता गाडीत काय बदलू?"

ज्यांना ऑटोक्रॉस म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मोकळं मैदान किंवा मोठं पार्किंग, त्यात प्लास्टिकचे कोन लावून आखलेला वळणावळणाचा रस्ता, आणि घड्याळ. बहुतेक वेळा एका वेळी एकच गाडी सुटते. कोन पाडला की सेकंदांचा दंड. वेग फार नसतो, बरेचदा दुसऱ्या गिअरच्या वर जावंच लागत नाही. ट्रॅक डे म्हणजे खऱ्या सर्किटवर आपली गाडी नेऊन फेऱ्या मारणं. दोन्हीकडे हौशी माणसंच जास्त. आणि दोन्हीकडे नवखा माणूस एका ठिकाणी येऊन अडकतो. तो का अडकतो, आणि आपल्या भागातला जरा जास्त का अडकतो, ते आज बघू.

मी बोलतोय वागळे इस्टेटमधून. इथे रस्त्यांना नावांपेक्षा नंबर चालतात: सोळा नंबर, बावीस नंबर. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, तिची सुरुवातच ह्या वागळेतून झाली. आता इथे आयटीच्या काचेच्या इमारती आहेत, पण आतल्या गल्ल्यांत अजून गाळे आहेत, लेथचा आवाज आहे, कटिंग ऑइलचा वास आहे.

आता इथून आग्रा रोड पकडा, म्हणजे आजचा एलबीएस मार्ग, आणि मुंबईकडे चला. भांडुपला सीएटचा टायरचा कारखाना, १९५८चा. भांडुपलाच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, जिथे लॅम्ब्रेटा स्कूटर बनायची. पुढे कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. फियाट ११०० इथलीच, आणि १९७४पासून तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी. आता उलट्या दिशेला या, कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या बाजूला. तिथे प्रीमियरचाच दुसरा कारखाना, जिथून नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बाहेर पडली आणि थोड्याच वर्षांत बंदही पडली.

म्हणजे बघा, टायर इथे, स्कूटर इथे, मोटार इथे, आणि लागणारे छोटे पार्ट वळणारे गाळे इथे. एवढं सगळं एका पट्ट्यात असताना ह्या पट्ट्याला एक कायमचा रेसिंग ट्रॅक कधी मिळाला नाही. तो मिळाला चेन्नईला. मला ही गोष्ट नेहमी खटकते.

चेन्नईला कसा मिळाला? शोलावरम नावाचं गाव आहे शहराच्या उत्तरेला. तिथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं, स्थापना १९५३, तिच्यावर शर्यती भरवायला सुरुवात केली. हजारो लोक बघायला यायचे. संस्थानिकांच्या परदेशी गाड्या, आणि त्यांच्याबरोबर आपल्या साध्या फियाट, अँबॅसॅडर, हेराल्डसुद्धा. पुढे क्लबनं इरुंगट्टुकोट्टईला स्वतःच्या जागेवर पक्का ट्रॅक बांधला, तो १९९०ला सुरू झाला. कोइंबतूरला एस. करिवर्धन यांनी छोट्या भारतीय इंजिनांवर चालणाऱ्या सिंगल-सीटर रेसिंग गाड्या बनवल्या. त्यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे २००३ला उघडला. नारायण कार्तिकेयन कोइंबतूरचा आणि करुण चांढोक चेन्नईचा, हा काही निव्वळ योगायोग नाही. ज्या गावात सराव करता येतो, त्या गावातून माणूस पुढे जातो.

इंग्लंडमध्येही असंच झालं. सिल्व्हरस्टोन, गुडवूड, स्नेटरटन, सगळी युद्धातली विमानतळं. स्नेटरटनला १९५७मध्ये जिम रसेलनं शर्यतीचं ड्रायव्हिंग शिकवणारी शाळा काढली, आणि पैसे भरून कुणालाही हे शिकता येऊ लागलं.

मग तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अशी धावपट्टी नव्हती का? होती की! कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला. ब्रिटिशांनी युद्धाच्या काळात तिथली शेतजमीन घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन मात्र शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. ती संरक्षण खात्याकडे राहिली, आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ती मागत राहिले. जून २०१७मध्ये नौदलाच्या कुंपणावरून तिथे मोठं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. तेव्हा "नेवाळीला ट्रॅक व्हायला हवा होता" असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, जरा थांबा. ज्याची भातशेती त्या डांबराखाली गेली त्याला आधी विचारा. शोलावरमची गोष्ट रोमँटिक वाटते, पण धावपट्टीखाली कुणाची ना कुणाची जमीन असतेच.

तर आपल्याकडे ट्रॅक नाही. मग इथल्या हौशी माणसानं शिकायचं कसं? तो शिकला रस्त्यावर, घड्याळ लावून. म्हणजे रॅली.

१९६८ सालची एक गोष्ट ऐका. लंडन ते सिडनी मोटार मॅरेथॉन. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्ली, आणि तिथून इंदूरमार्गे मुंबई. इंदूरहून मुंबईला येणारा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता, आणि तो मुंबईत शिरतो ठाण्यावरून. मुंबईला गाड्या 'चुसान' नावाच्या बोटीत चढवल्या आणि ऑस्ट्रेलियाला नेल्या. मुंबईत पहिल्या नंबरावर होता रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिनामध्ये. अत्यंत वेगवान माणूस. दुसरा सिमो लँपिनेन, तिसरा लुसियाँ बियांकी. अँड्र्यू कोवान नावाचा स्कॉटिश शेतकरी हिलमन हंटर घेऊन आला होता, तो पहिल्या तिघांत नव्हता. हिलमन हंटर म्हणजे कुटुंबाची गाडी हो, तिच्याकडे बघून कुणाची मान वळणार नाही.

आणि जिंकला कोण? कोवान! ऑस्ट्रेलियात क्लार्कची गाडी बिघडत गेली. पुढे गेलेला बियांकी शेवट अगदी जवळ आलेला असताना समोरून आलेल्या एका खासगी मिनीवर आदळला. कोवान पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा चालवत होता, गाडी सांभाळत होता. ही शर्यत आठवायचं कारण म्हणजे नवखेपणातून बाहेर पडायचा पहिला धडा तिच्यात आहे, आणि तो ऐकायला फार कंटाळवाणा आहे: आधी एकसारखं चालवता आलं पाहिजे.

समजा, ऑटोक्रॉसमध्ये तुमच्या चार फेऱ्या अशा झाल्या: ४८.२, ५०.९, ४७.६, ५२.१ सेकंद. तुमच्या मित्राच्या ४८.९, ४८.७, ४८.८, ४८.७. त्या दिवशीचा चषक तुम्हाला, कारण ४७.६ सगळ्यात कमी. पण पुढच्या सीझनला तो तुमच्या पुढे असणार. कारण त्यानं एका वळणावर ब्रेक दोन फूट उशिरा दाबला तर त्याचा परिणाम त्याला घड्याळात दिसतो. तुमच्या आकड्यांत तो दिसणारच नाही, साडेचार सेकंदांच्या गोंधळात बुडून जाईल. आता तुम्ही महागडे टायर लावलेत आणि वेळ ४७ आली, तर ती टायरमुळे आली की नशिबानं, कसं ठरवणार?

वागळेतला कुठलाही जुना टर्नर हे लगेच ओळखेल. लेथवरचे दहा जॉब दहा मापांचे निघत असतील, तर मशीनला दोष देण्याआधी हात तपासतात. आयटीआयला फिटर ट्रेडच्या पोराला सुरुवातीला कानस घासायला लावतात, तासन्‌तास. पोरं वैतागतात. पण हात बसतो तो तिथे.

मुंबईच्या हौशी मंडळींनी हे शिकून घेतलं टीएसडी रॅलीत. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक ठरावीक सरासरी वेग देतात, तुम्ही बरोबर त्या वेगानं जायचं. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. म्हणजे जोरात चालवणाऱ्याला इथे शिक्षाच! शेजारी नॅव्हिगेटर बसतो, हातात रोडबुक, त्यात वळणांच्या छोट्या आकृत्या. त्यांना ट्युलिप म्हणतात, कारण ती पद्धत हॉलंडच्या ट्युलिप रॅलीतून आली. अशा रॅलीत नवख्यांसाठी वेगळा गट ठेवायची पद्धत जुनी आहे, आणि त्यातून वर सरकायला वेगाचा उपयोग शून्य. १९८०मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली. त्यांच्यामागे रस्त्यावर आणि घड्याळावर वाढलेली मुंबईची ही संस्कृती होती. ट्रॅक नव्हता म्हणून आपण रॅलीवाले झालो, असं मी म्हणतो. कुणाला पटणार नाही, चालेल.

पण रॅलीत सगळं शिकून होत नाही. वळणात टायरला नेमकं काय होतं, हे एकच वळण पन्नास वेळा घेतल्याशिवाय कळत नाही. आणि इथेच ट्रॅक लागतो, निदान मैदान तरी.

वळणाला आकड्यांत बसवणाऱ्या माणसांत पिएरो तारुफी हे मोठं नाव. इटालियन, शिक्षणानं इंजिनिअर. १९५७ची मिल्ले मिल्या त्यानं जिंकली. इटलीच्या उघड्या रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत. पन्नाशी उलटलेली, इतकी वर्षं ही शर्यत त्याला हुलकावणी देत होती, आणि शेवटी मिळाली. पण त्याच दिवशी अल्फोन्सो दे पोर्तागोची फेरारी टायर फुटून गर्दीत घुसली. तो गेला, त्याचा साथीदार गेला, आणि रस्त्याकडेला उभे असलेले ९ प्रेक्षक गेले. त्यातली ५ लहान मुलं होती. त्यानंतर ती शर्यत ह्या स्वरूपात पुन्हा झालीच नाही. तारुफी शर्यतींतून बाहेर पडला आणि त्यानं शर्यतीच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं, आकृत्या आणि गणितांसकट.

ते गणित आपल्या मैदानावर आणू. टायरची पकड ठरलेली असते. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड साधारण ०.९ धरा. वळणाची त्रिज्या १५ मीटर असेल, तर ह्या पकडीवर जास्तीत जास्त वेग येतो ताशी ४१ किलोमीटर. आता तेच वळण तुम्ही बाहेरून आत, मग पुन्हा बाहेर, असं रस्त्याची सगळी रुंदी वापरून घेतलंत आणि त्रिज्या २० मीटर झाली, तर वेग येतो ताशी जवळजवळ ४८. सहा-सात किलोमीटरचा फरक! इंजिन तेच, टायर तेच, खर्च शून्य. उलट ह्या वळणातली कमाल ४१ असताना तुम्ही ५० नी आत घुसलात, तर शंभर हॉर्सपॉवर जास्त असूनही गाडी बाहेरच फेकली जाणार.

दुसरी गोष्ट. टायरकडे पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये समजा. सगळे ब्रेकवर खर्च केलेत तर वळायला काही उरत नाही. सगळे वळण्यावर खर्च केलेत तर ब्रेक दाबायला काही नाही. नवखा माणूस एकाच वेळी दोन्हीकडे शंभर-शंभर खर्च करायला बघतो, मग गाडी सरळ कोनावर जाते आणि तो म्हणतो टायर खराब. म्हणून आधी सरळ रेषेत ब्रेक, तो सोडून वळण, मग बाहेर पडताना ॲक्सिलरेटर, असं सुटं सुटं शिकवतात. हे हातात बसलं की पुढची पायरी: ब्रेक एकदम न सोडता, वळत वळत हळूहळू सोडायचा. वीस रुपये ब्रेकवर, ऐंशी वळणावर, मग दहा-नव्वद. नवखा आणि मुरलेला ह्यांच्यातली खरी सीमा मला विचाराल तर ही आहे. बाहेर उभं राहून बघितलं तर दोघंही सारखेच वळतात. फरक उजव्या पायात असतो.

जॅकी स्टुअर्ट, तीन वेळचा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता, हे समजवायला बॉनेटवर एक उथळ भांडं लावून त्यात चेंडू ठेवायचा. चालवताना चेंडू भांड्याबाहेर पडता कामा नये. तुमच्यातले ॲनिमेवाले आता म्हणतील, अरे, हे तर 'इनिशियल डी'मधला पाण्याचा ग्लास! बरोबर. तीच गोष्ट.

आणि म्हणूनच मला पद्मिनीबद्दल आदर आहे. १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. जोरात वळलात की तुम्हीच शेजाऱ्याच्या मांडीवर! अशा गाडीत वेग एकदा घालवला की परत मिळवायला जन्म जातो. त्यामुळे तो वळणात घालवायचाच नाही, हे ती गाडी आपोआप शिकवते. नंतर मारुती ८०० आली १९८३ला, ७९६ सीसी, तिनंही तेच केलं. आज तुमच्याकडे टर्बो हॅचबॅक आहे. ती चुकीच्या वळणावरही पुढच्या सरळ रस्त्यावर वेग भरून काढते. म्हणजे चूक लपते. शिकणाऱ्यासाठी हे काही चांगलं नाही.

सगळ्यांना सारखी गाडी दिली की मग लपायला जागा राहत नाही. २०१०ला भारतात फोक्सवॅगन पोलो कप सुरू झाला, तो याच तत्त्वावर. सगळ्यांना एकसारखी पोलो. महाराष्ट्रातही एक जागा अशी तयार झाली, पण मुंबई-ठाण्यात नाही, कोल्हापूरला. मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. बघा, परत तेच: ट्रॅक जिथे, माणूस तिथे.

आणि मग पुण्याच्या डायना पंडोल. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८मध्ये महिलांसाठीच्या एका रेसिंग प्रशिक्षण कार्यक्रमातून आत आल्या. तिथून सहा वर्षं. ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद, आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सहा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा, रील बघून लगेच निकाल हवा असणाऱ्यांनी तर नक्कीच. विजेतेपद कुठे मिळालं माहितेय? चेन्नईला. त्याच इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. मुंबई-पुण्याच्या माणसाला सराव करायचा तर हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं. गाडी न्या, टायर न्या, राहायचा खर्च, सुट्टी. ज्याला हे परवडत नाही, तो नवखाच राहतो. वागळेच्या गाळ्यात दुसऱ्यांची इंजिनं खोलणारा पोरगा कदाचित सगळ्यात चांगला चालवत असेल, पण हे कळायला त्याला जागा कुठेय?

जागा नाही, मग काही पोरं रात्री घोडबंदर रोडला जातात. ठाण्यात राहणाऱ्याला तो आवाज माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,०००पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा, तिथे शिकायलाच काही मिळत नाही. रात्रीचा सरळ रस्ता, एकदाच मारलेला वेग, घड्याळ नाही, तेच वळण पुन्हा घ्यायची सोय नाही. दे पोर्तागो तर जगातल्या उत्तम ड्रायव्हरांपैकी एक होता, आणि त्याच्या बाजूनं रस्ता अधिकृतपणे बंद केलेला होता. घोडबंदरला समोरून कंटेनर येतो.

मग करायचं काय? सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गाडीत आत्ता काहीच बदलू नका. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नीट ठेवा, हवा तपासा, बस्स. टायरचा पैसा वाचवा आणि त्यात कार्टिंगच्या फेऱ्या घ्या. भाड्याच्या कार्टमध्ये पॉवर कमी असते, म्हणजे ती तुमची पद्मिनीच समजा. इव्हेंटच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन कोर्स पायी चाला, दोनदा-तीनदा. डोळे मिटून सगळी वळणं आठवली पाहिजेत. चालवताना नजर पुढच्या कोनावर नको, त्याच्याही पुढच्यावर. फोनचा जीपीएस सेकंदाला साधारण एकदाच जागा नोंदवतो, तेव्हा ऑटोक्रॉसच्या छोट्या वळणांत त्याच्यावर फार विसंबू नका. व्हिडिओ घ्या, तो जास्त कामाचा. आणि एखादी टीएसडी रॅली कराच, नवख्यांच्या गटात. नॅव्हिगेटरशी भांडण होईल, ते धरून चाला.

प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा, शेजारी फक्त एक ओळ: ह्या वेळी काय वेगळं केलं. पहिल्या दिवशी आकडे ५२पासून ४७पर्यंत पसरलेले असतील. ते जेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत येतील, तेव्हा मला मेसेज करा. मग टायरबद्दल बोलू.